सोपानभावजी आनि माझ्या नावाची साईट

माझ्या धाकट्या दिराच्या खिशाला कायम पेन असायचा. लोकान्ला वाटायचं, हा लई लिवनारा माणूस. त्यो पेन त्येच्यासाठी न्हवताच. त्यो माझ्या सहीसाठी हुता.

त्येचं नाव सोपान. मी त्येला सोपानभावजी म्हणायची, त्यो मला वैनी. माझं मालक गेलं तवा माझी सुमन चार वर्साची हुती आनि ह्यो पंचविशीचा. लगीन केलं न्हाय त्येनं कधी. गाव म्हणायचं, बगा, भावाच्या बायकापोरीसाठी असाच ऱ्हायला. मी ऐकून घ्यायची. त्येला घरात बायको लागत न्हवती, सही लागत हुती, आनि ती माझ्याकडं हुती.

आमचं गाव लासुर्णं. सासऱ्यापातूर घरात मेंढरं हुती. मग मेंढरं गेली आनि दोगा भावात तीन एकर रान ऱ्हायलं, कॅनॉलच्या अंगाला. सोपाननं आपला वाटा ईकला आनि बारामतीत दुकान टाकलं. आमचा दीड एकर मालक गेल्यावर माझ्या नावावर झाला. तवापासनं त्येला चटकच लागली. ग्यास माझ्या नावावर, लाईटचा मीटर माझ्या नावावर, मोटरसायकल, फोनची कार्डं, समदं. बाईच्या नावानं कागद केला की हापिसात लवकर मंजूर हुतोय, बाई विधवा असली तर आनिक फुडं नंबर लागतोय. आमच्याकडं घरोघर असंच चालतंय. त्येला कुणी लबाडी म्हणत न्हाय, हुशारी म्हणत्यात.

कागद आणायचा तर घडी घालून आणायचा. खालची कोरी जागा तेवढी वर ठिवायचा आनि बोट दावायचा.

"हितं, वैनी."

"काय हाय त्यात?"

"तुमच्याच फायद्याचं हाय. समदं तुमच्याच नावावर हाय की. मी कोण? नोकर."

आनि हासायचा. दिसायला बारका हुता, बोटं लांबसडक, डाव्या अंगठ्याचं नख वाढवल्यालं. त्या नखानं त्यो बारकं बारकं स्क्रू काढायचा. आवाज कधी चढवला न्हाय, हात कधी उचलला न्हाय. त्येच्यामुळं माझं गाऱ्हाणं कुणाला सांगायची सोय न्हवती. मारत्यो का? न्हाय. पितो का? न्हाय. मग काय करतोय? तर कागद आणतोय. ह्येला गाऱ्हाणं कोण म्हणंल?

बारामतीचं दुकान यष्टी स्टँडच्या मागच्या बोळात हुतं. पाटी 'हौसा व्हिडिओ गेम'. हौसा म्हंजी मीच. दुकान माझ्या नावानं नोंदवल्यालं, म्हणून पाटीवरबी मीच. आत चार टीव्ही, त्येंना जोडल्याले गेमचे चार डबे आनि बाकडी. कॉलेजची पोरं तासावर खेळायला यायची. पडद्यावर माणूस पळत ऱ्हायचा, खड्ड्यात पडायचा, परत पयल्यापासनं पळायचा. मी जेवणाचा डबा घिऊन गेले की दाराशी हुबी ऱ्हायची. आत जायची बंदी हुती.

"हाताला तेल हाय वैनी, लांबनंच द्या."

ती गेमची कॅसेट कुणी हातात घेतली की त्येचा जीव खालीवर व्हायचा. चालत नसली की पोरं त्यात फुंकर मारायची. मग ह्यो उठायचा, कॅसेट काढून घ्यायचा, आनि म्हणायचा, "तोंडाची वाफ घालून तिला गंज चढवतुयास. आईच्या डोळ्यात फुकशील का असा?" मग खोडरबरानं तिचं पितळी दात हळूहळू पुसत बसायचा. पोरं ताटकळत, गिऱ्हाईक निघून जातंय, ह्येला त्येचं काय न्हाय. मेलेली कॅसेट त्यो चालू करायचा. फलटणपासनं लोकं बिघडल्याले डबे घिऊन यायचे त्येच्याकडं. हाताला गुण हुता, ते मी नाकारनार न्हाय.

त्या कॅसेटी खऱ्या कंपनीच्या न्हवत्या. परदेशातल्या कंपनीचा गेम, कुणीतरी नक्कल करून भरल्याला, पुण्याच्या जुन्या बाजारात ढिगानं मिळायचा. ह्ये त्येनंच मला सांगितल्यालं, हासत हासत. "आख्ख्या हिंदुस्थानात असंच चालतंय वैनी. खरी कॅसेट म्या आयुष्यात दोनदा बगितलीया." चोरीचा माल, पर त्येची राखण त्येनं पोटच्या पोरापेक्षा जास्त केली.

मधी पंचायतीला आमच्या वार्डात बाईची जागा निघाली. सोपाननं माझा फॉर्म भरला. फोटो काढायला बारामतीला नेलं, डोक्यावर पदर, हात जोडल्याले. त्यो फोटो गावभर भिंतीला लागला, आनि मी निवडून आले. त्याच्या आधी माझी सही म्हंजी अंगठाच, त्येच्याच पेनाची शाई लावून. मेंबर झाल्यावर त्येनं मला सही शिकवली. आठ दिवस पाटीवर गिरवून घेतली, 'हौसाबाई'. दुसरं येक अक्षर शिकवलं न्हाय.

मीटिंगला मी खुर्चीवर, त्यो माझ्या मागं स्टुलावर. येकदा जनावरांच्या हौदाचा ईषय निघाला. हौद फुटला हुता, पाणी टिकत न्हवतं. मी घरातनं ठरवून गेल्ते. हुबी ऱ्हायले आनि म्हणले, हौद आधी बांधा, मग येशीवरच्या कमानीचं बगा.

सरपंचानं माझ्याकडं बगितलंच न्हाय. मागं स्टुलाकडं बगितलं.

सोपान म्हणला, "वैनीला म्हणायचंय, हौदाचं फुडल्या मीटिंगला घिऊ."

"मी तसं म्हणले न्हाय," मी म्हणले.

समदी हासली. सोपानबी हासला. मग वहीत लिवलं, हौदाचा ईषय फुडं ढकलण्यात आला, सूचक हौसाबाई. आनि वही माझ्याच फुडं आली सहीला. मी केली सही. सही नाकारता येती हे मला तवा म्हाईत न्हवतं. कमान झाली. हौद अजून तसाच हाय.

फुडं मोबाईल आले आनि पोरं दुकानात यायची बंद झाली. सोपाननं दुकान मोडलं, समद्या कॅसेटी टेम्पोत घालून लासुर्ण्याला आणल्या. घरात पत्र्याची कोठी हुती, धान्याची, झाकणाची, आत दमट धरत न्हवती. माझ्या सासूची. त्येनं ती उपसली. माझी ज्वारी पोत्यात भरून पडवीला ठिवली आनि कोठीत कॅसेटी लावल्या, कागदात गुंडाळून, लिंबाचा पाला मधी घालून.

"भावजी, ज्वारीला उंदीर लागतील."

"उंदीर काय समदी खातुय का? ह्या परत मिळनार न्हायत वैनी. ज्वारी फुडल्या साली येती."

उंदीर लागलेच. त्या साली आमी कुरतडल्याली ज्वारी पाखडून खाल्ली. भाकरीला वास यायचा. त्येच्याबी ताटात तीच भाकरी असायची आनि त्यो काय न बोलता खायचा. मी रोज थापायची आनि कोठीकडं बगायची.

मग कॉम्प्युटर आला. त्येनं तारंची येक डबी केली, तीत कॅसेट बसवायची आनि तिच्यातलं आत उतरवून घ्यायचं. वर्सानवर्सं तेच चाललं हुतं. सकाळी शेळ्या सोडताना बगावं तर खुर्चीत, सांजच्याला परत आणताना बगावं तर खुर्चीत. त्येची वेबसाईट झाली. जगात कुणीबी, कुठंबी बसून, ते जुनं गेम उतरवून घ्यावं आनि खेळावं, फुकट. मला येवढंच कळलं की आपल्या कोठीतलं वारं लोकं कुठं कुठं घिऊन जात्यात. साईट कुणाच्या नावावर हुती हे तवा मला कुणी सांगितलं न्हाय, मीबी इचारलं न्हाय. येक दिवस कागद आल्ता, घडी घातल्याला. आनि आधारकार्ड मागितल्यालं.

येकदा त्यो कॉम्प्युटरफुडं बसून डोळं पुसत हुता. मी म्हणले, काय झालं?

"ब्राझीलचा माणूस हाय. त्येचा भाऊ मेलाय. दोगं ल्हानपणी जो गेम खेळायचे, त्यो त्येला कुठंच मिळंना, आपल्याकडं मिळाला. लिवतोय, मॅडम हौसाबाई, तुमचं उपकार झाले."

"मला लिवतोय?"

"मग? तुमच्याच नावावर हाय साईट."

"तुमी काय लिवलं त्येला?"

"लिवलं, तुमच्या भावाच्या आत्म्याला शांती लाभो. हौसाबाई."

कुठल्या मुलखातला माणूस माझ्या नावानं रडत हुता. मला त्येचं वाईट वाटलं, पर त्येच्याहून जास्त राग आला. माझा नवरा गेला तवा ह्या सोपानचं डोळं कोरडं हुतं. दहाव्याच्या आदी त्यो मला तलाठ्याकडं घिऊन गेल्ता.

पोलीस आले ते दुपारच्याला. मी शेळ्यांना पाला टाकत हुते. दोन शिपाई, येकाच्या हातात कागद.

"हौसाबाई कोण?"

"मीच."

"वेबसाईटवाल्या?"

"शेळ्यावाली."

त्येनं कागद माझ्याफुडं धरला. त्याच्यावर माझा फोटो, हात जोडल्याले, डोक्यावर पदर. पंचायतीच्या निवडणुकीतला. सोपानच्या कॉम्प्युटरात माझा तेवढाच फोटो हुता, मालकीण कोण म्हणून त्येनं त्योच साईटवर टाकला हुता. शिपाई म्हणला, "आज्जी, तुमी तर जगात पोचला. ही परदेशी कंपनी तुमच्या नावानं कोर्टात गेलीया."

सोपान आतनं बाहीर आला. खिशाला पेन हुता. कागद वाचला आनि म्हणला, "काय न्हाय वैनी, किरकोळ हाय."

शिपायांनी कॉम्प्युटर गाडीत घातला. कोठीकडं त्येंनी बगितलंबी न्हाय. धान्याची कोठी, कोण बगतंय.

मी सुमनला बोलावून घेतलं. ती कोऱ्हाळ्याला दिल्याली हाय, बारावी झालीया. तिनं समदी नोटीस वाचली, दोनदा. मग म्हणली, "आई, असल्या लई साईटी कोर्टानं बंद केल्यात. त्यातली येक तुझी हाय."

"माझी?"

"कागदावर तुझी. कंपनी नुकसान भरून मागतीया. न्हाय दिलं तर जे काय तुझ्या नावावर हाय, त्येच्यावर येतील. रान, घर."

मी खाली बसले. ज्या कागदानं समदं माझं केलं, त्याच कागदानं ते जानार हुतं. सुमन चुलत्याकडं वळली. "तात्या, काय करून ठिवलंसा ह्ये?"

"अगं, त्या गेमचा धनी ऱ्हायलाय का कोण? कंपनीनं टाकून दिल्यात. दुकानात मागायला जा, मिळत न्हायत. मी ठिवल्या म्हणून जगात हायत. पडीक रानात दोन शेळ्या चरल्या तर कुणाचं काय जातंय?"

"पडीक रानाला सातबारा असतोय भावजी," मी म्हणले. "म्या दोनदा मार खाल्लाय तसल्या रानात चारताना."

त्यो हासला. "तुमी घाबरू नका वैनी. बाईमाणसाला काय करत न्हायत, त्यात तुमचं वय. सही करायची, सुटायचं. आनि येवढी भीती वाटत असंल तर रान तेवढं माझ्या नावावर करून ठिवा. म्हंजी वाचंल."

"आता तुमच्या नावावर?"

"नावाला. हाय तुमचंच."

सुमन ताडकन उठली आनि चहा टाकायला आत गेली. तिनं चहा टाकला न्हाय. चुलीफुडं नुसती हुबी ऱ्हायली, मला दारातनं दिसत हुती.

बारामतीला पोलिसांच्या हापिसात बोलावलं. पुण्यासनं येक मॅडम येनार हुत्या आनि कंपनीचा वकील. लासुर्ण्यासनं यष्टीनं निघालो, मी आनि सोपान. खिडकीला त्यो बसला. सणसर गाव मागं पडल्यावर म्हणला, "कंपनीच्या वकिलाचा निरोप आलाय. साईट बंद केली, समदा माल दिला, तसं लिवून दिलं, की केस मागं घेत्यात. तुमी सही करा. कोठीचं काय बोलू नका. तितं कॅसेटी हायत आनि कॉम्प्युटरातलं समदं दोन हार्डडिस्कच्या डब्यात भरून ठिवलंय मी. सा महिन्यानं परत चालू करतो."

"परत?"

"तुमच्या नावानं न्हाय. तुमचं नाव आता खराब झालं. सुमनचं आधारकार्ड लागंल, ते तेवढं आणून ठिवा."

मी त्येच्याकडं बगितलं. त्यो बाहीर बगत हुता, ऊसाच्या ट्रॅक्टरकडं. त्येच्या तोंडावर पाप न्हवतं. तेच मला लागलं. त्येला खरंच वाटत हुतं की आमी मायलेकी त्येच्यासाठी कोरा कागद म्हणून जल्माला आलोय.

मॅडम सुमनच्या वयाच्या हुत्या. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. वकील टाय लावल्याला, पर माणूस सभ्य. त्यो मला समजावून सांगू लागला, "आजी, हे गेम आमच्या कंपनीनं तयार केलेत."

"तुमी ईकताय का ते आता?"

"आता नाही. पण हक्क आमचाच आहे."

"व्हय," मी म्हणले. मला त्येचं पटलं. सोपानला ते उभ्या जल्मात पटलं नसतं.

मॅडमनी सोपानला इचारलं, "तुमचा काय संबंध?"

"मी दीर. घरात ऱ्हातो. साईट वैनीचीच हाय, मॅडम. समदं त्यांच्याच नावावर हाय. पायजे तर कागद बगा."

"कागद पाहिले मी," मॅडम म्हणल्या. मग टाइप केल्याला कागद त्येंनी माझ्याफुडं ठिवला. सोपाननं खिशातनं पेन काढला, टोपण काढलं आनि बोट ठिवलं. "हितं, वैनी."

"थांबा," मॅडम म्हणल्या. "आजी, तुम्हाला वाचता येतं?"

"सही येती."

"मग मी वाचून दाखवते."

आनि त्येंनी वाचला. पयल्या वळीपासनं. म्या आयुष्यात किती कागदांवर सही केली, पर पुरा कागद कुणी मला त्या दिवसापातूर वाचून दावला न्हवता. मी कान दिऊन ऐकत हुते. वेबसाईट माझ्या मालकीची असून मी ती कायमची बंद करीत आहे. इथपर्यंत मी गप. मग त्येंनी वाचलं, सदर गेमची कोणतीही प्रत माझ्याकडे अथवा माझ्या कुटुंबीयांकडे शिल्लक नाही.

"ही वळ खोटी हाय," मी म्हणले.

वकिलानं मान वर केली. सोपानचं हासू तोंडावर तसंच ऱ्हायलं, नुसतं डोळ्यातनं गेलं.

"घरी धान्याची कोठी हाय. त्यात समद्या कॅसेटी हायत, आनि दोन डबं हायत, त्यात कॉम्प्युटरातलं समदं भरल्यालं हाय. ते घ्या, मग मी सही करते."

"वैनी, तुमाला त्यातलं काय कळतंय?"

"काय कळत न्हाय. पर माझं हाय न्हवं? आत्ताच सांगितलं तुमी मॅडमला. माझ्या मालाचं काय करायचं ते मीच सांगनार."

"वैनी." आवाज तसाच हळू. "तीस वर्सं गेलीत माझी त्यात."

"माझीबी गेलीत," मी म्हणले.

मॅडमनी दोगाकडं बगितलं. त्या खुर्ची फुडं ओढून म्हणल्या, "आजी, मला एक सांगा. हे सगळं नेमकं कुणी केलंय?"

तवा मला सोपाननं पयल्यांदा वर डोळं करून बगितलं. मी काय बोलते ह्येच्यावर त्येचं आयुष्य अडल्यालं, असं आदी कधी झालं न्हवतं. मला वाटलं हुतं गोड लागंल. गोड न्हाय लागलं.

"मला कॉम्प्युटर चालू करता येत न्हाय," मी म्हणले. "सह्या माझ्या हायत. दोनीबी लिवा."

त्येंनी दोनीबी लिवलं. वकील बाहीर जाऊन फोनवर लई येळ बोलत हुता. परत आला आनि म्हणला, सगळा माल ताब्यात दिला आणि दोघांनी मिळून लिहून दिलं, तर कंपनी पुढं जाणार नाही. मग तसा कागद झाला. खाली माझी सही आनि तिच्या शेजारी सोपानची. त्येची सही मी त्या दिवशी पयल्यांदा बगितली. माझ्याहून वाकडी हुती.

त्याच दिवशी गाडी आमच्यासंगं लासुर्ण्याला आली. शिपाई कोठी उपसाय लागले. पोत्यात कॅसेटी फेकत हुते, ठणाठण वाजत हुत्या. सोपान फुडं झाला.

"थांबा. मी देतो."

खाली मांडी घालून बसला. येक येक कॅसेट काढायची, कागद नीट करायचा, परत गुंडाळायची आनि पोत्यात ठिवायची. शिपाई कंटाळला. "अवो काका, ह्या फोडायच्याच हायत की. कशाला गुंडाळताय?"

सोपाननं फुडली कॅसेट उचलली. दिवस कलला तरी गुंडाळतच हुता. शेजारच्या बाया कुंपणाशी हुब्या हुत्या. येकजण मला म्हणली, "हौसाक्का, दिराचं हाल बगवत न्हाय गं." मी म्हणले, "नगं बगू मग, घरला जा." मला कीव आली का? थोडी आली आसंल. येवढी न्हाय की उठून मदत करावी.

गाडी गेल्यावर त्येनं हात धुतले. जेवला न्हाय. दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीनं बारामतीला गेला, येक पिशवी घिऊन, आनि परत आला न्हाय. मी कोठी उन्हात घातली, आतनं पुसली आनि ज्वारी भरली. रानाचा सातबारा सुमनकडनं वाचून घेतला, तलाठ्याच्या शिक्क्यापातूर. आता कागद आला की मी म्हणते, वाच. पेन्शनीचा माणूसबी मला भितोय, म्हणतो, आज्जीला वाचून दावल्याबिगर सोडत न्हाय.

दोन वर्सानं डोळं तपासाय बारामतीला गेल्ते. माझ्या फोनचं चार्जिंग हुईना, म्हणून मार्केटातल्या येका मोबाईलच्या दुकानात शिरले. आत काउंटरच्या मागं तीनचार माणसं खाली मान घालून कामाला बसल्याली. त्यातला येक सोपान.

केस समदं पांढरं झाल्यालं. डोळ्याला भिंग लावून कुणाच्यातरी फोनमधी सुई घालत हुता. मी फोन काउंटरवर ठिवला. माझ्यामागं आनिक गिऱ्हाईकं हुबी ऱ्हायली. त्येनं भिंग वर केलं, माझ्याकडं बगितलं. वळखलं त्येनं, मला कळलं. हात थांबला हुता.

"काय झालंय, मावशी?" त्यो म्हणला.

"चार्जिंग हुईना."

त्येनं फोन हातात घेतला, खालच्या भोकात फुंकर न मारता उजेडाकडं धरून बगितलं. "पिन गेलीय. ठिवावा लागंल."

"ठिवते."

पावतीचं पुस्तक ओढलं. खिशात पेन न्हवता, मालकाचा दोऱ्यानं बांधल्याला पेन घेतला.

"नाव?"

मी नाव सांगितलं. थांबला, अजून पायजे म्हणून. मग मी नवऱ्याचं नाव सांगितलं. त्येनं दोनी लिवलं, पावती फाडली, पुरी माझ्या बाजूला फिरवून ठिवली.

"सोमवारी या," त्यो म्हणला. "मागं कोण हाय?"